दहिसर ते मुलुंड : मुंबईचा पोलीस आयुक्त आणि उपनगरांची हद्द

महाराष्ट्रातील कोणत्याही ग्रामीण जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी गेले असता सरकारी सत्तेची दोन कार्यालये सहज दृष्टीस पडतात : एक जिल्हाधिकाऱ्याचे व दुसरे पोलीस अधीक्षकाचे. मुंबई उपनगर जिल्ह्यात यांपैकी पहिले आहे, दुसरे नाही. १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबईचे दोन महसुली जिल्हे करण्यात आले. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके मिळून उपनगर जिल्हा स्वतंत्र झाला व वांद्र्यास त्याचा जिल्हाधिकारी बसू लागला. परंतु ह्या जिल्ह्यास स्वतःचा पोलीस अधीक्षक देण्यात आला नाही. घाटकोपर वा मुलुंड येथील रहिवासी जमिनीच्या कज्जासाठी कुर्ला तालुक्यातला व उपनगर जिल्ह्यातला असतो. जमावबंदीचा आदेश निघाला, अगर कोणास तडीपार करावयाचे ठरले, की तो शहरातला होतो, आणि त्याच्यावरचा अधिकार महात्मा फुले मंडईसमोरच्या त्या दगडी इमारतीतून येतो जिच्यात १८९६ पासून मुंबईच्या पोलीस आयुक्ताचे मुख्यालय आहे.

ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतच नाही. वस्तुतः ती आपल्या प्रशासनाच्या इतिहासातील एका फार जुन्या दुहेरीपणाचा अवशेष आहे. मुंबई इलाख्यात पोलिसांची व्यवस्था दोन भिन्न तत्त्वांवर उभारली गेली. बंदराच्या बेटावर एक तत्त्व होते आणि माहीमच्या खाडीपलीकडे दुसरे. उपनगरे विसाव्या शतकाच्या मध्याला एका तत्त्वातून दुसऱ्यात गेली. ते संक्रमण कसे घडले, त्यामुळे पोलीस आयुक्त ह्या पदाचे स्वरूप कसे बदलले आणि नागरिकाच्या दृष्टीने त्यात काय मिळाले व काय गमावले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बेटाकडून आरंभ केला पाहिजे. सतराव्या शतकात जेरल्ड आँजियर ह्या गव्हर्नराने भंडारी लोकांची एक रखवालदार पलटण उभी केली, तेथून मुंबईच्या पोलिसांचा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा नाही. परंतु आजच्या पदाचा खरा पूर्वज अठराव्या शतकाच्या अखेरीस सापडतो. १७७९ मध्ये जेम्स टॉड ह्याची ‘लेफ्टनंट ऑफ पोलीस’ म्हणून नेमणूक झाली आणि १७९० मध्ये लाचलुचपतीच्या आरोपांवरून त्याची कारकीर्द संपली. १७९३ मध्ये ‘सुपरिंटेंडेंट ऑफ पोलीस’ हे पद निर्माण झाले. ह्या सुरुवातीच्या अधिकाऱ्यांची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चोर पकडणे, बाजारावर देखरेख ठेवणे, किरकोळ गुन्ह्यांची शिक्षा सुनावणे, हे सारे त्यांच्याच हातात होते. पकडणारा आणि न्याय करणारा एकच असल्याने अधिकाराचा दुरुपयोग सोपा होता, आणि टॉडच्या प्रकरणात नेमके तेच उघडकीस आले.

१८५६ च्या तेराव्या अधिनियमाने कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या तीन इलाखा-शहरांसाठी पोलीस कमिशनर हे पद घातले गेले. लंडनमध्ये १८२९ मध्ये रॉबर्ट पील ह्याने जी महानगर पोलीस निर्माण केली तिच्या नमुन्यावर ही योजना होती. मुंबईत आरंभी वरिष्ठ मॅजिस्ट्रेटच कमिशनर असे आणि प्रत्यक्ष कामाचा भार चार्ल्स फोर्जेट ह्या उपाधिकाऱ्यावर होता. १८५७ च्या ऑक्टोबरात मुंबईतील फलटणींमध्ये शिजलेला कट ह्याच फोर्जेटने उघडकीस आणला आणि दोन शिपायांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. पुढे १८६४ च्या डिसेंबरात फ्रँक साउटर कमिशनर झाला. मुंबई पोलीस आपल्या आयुक्तांची मालिका साधारणतः ह्याच्यापासून मोजतात. साउटर १८८८ पर्यंत, म्हणजे सुमारे चोवीस वर्षे, त्या पदावर राहिला. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा; त्याकडे पुन्हा यावे लागेल.

१९०२ च्या मुंबई शहर पोलीस अधिनियमाने ह्या पदाचे अधिकार नीट बांधून दिले. मिरवणुका, वाद्ये, नाटकगृहे, रस्त्यावरची रहदारी ह्यांविषयी नियम करणे आणि उपद्रवी माणसास शहराबाहेर घालवणे, ही कामे मॅजिस्ट्रेटकडे न जाता कमिशनरकडेच राहिली. १९०९ ते १९१६ ह्या काळात एस. एम. एडवर्ड्स हा मुलकी सेवेतील अधिकारी कमिशनर होता. त्याने मुंबई शहर पोलिसांचा जो इतिहास लिहिला तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या विषयाच्या अभ्यासकास तो टाळता येत नाही, मात्र तो कमिशनरच्या खुर्चीतून लिहिलेला आहे हे विसरता कामा नये.

आता खाडीच्या पलीकडे जाऊ. साष्टी बेट १७३९ पासून मराठ्यांकडे होते. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला व १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. शीवचा बांध १८०५ मध्ये आणि माहीमचा १८४५ मध्ये पुरा झाला. १८५३ मध्ये बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. अशा रीतीने रस्ता व लोहमार्ग ह्यांनी साष्टी मुंबईला जोडली गेली. परंतु राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने ती ठाणे जिल्ह्यातच होती. तेथे गावोगाव पोलीस पाटील होता, त्याच्यावर फौजदार, आणि सर्वांवर जिल्ह्याचा सुपरिंटेंडेंट. हा सुपरिंटेंडेंट मात्र स्वतंत्र नव्हता. जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटच्या, म्हणजे कलेक्टरच्या, नियंत्रणाखाली त्याने काम करावे असे तत्त्व होते. १८६७ व त्यानंतर १८९० च्या जिल्हा पोलीस अधिनियमांनी हीच रचना पक्की केली. लोकांना एकत्र जमण्यास बंदी करावयाची, तर आदेश कलेक्टर काढणार. एखाद्यास जिल्ह्याबाहेर घालवावयाचे, तर पोलीस मागणी करणार आणि निर्णय मॅजिस्ट्रेट देणार. तो मॅजिस्ट्रेट न्यायाधीश नव्हता, महसुली अधिकारी होता. त्याची दृष्टीही बहुधा पोलिसांना अनुकूल असे. तथापि मागणारा व देणारा हे दोन वेगळे इसम होते, एवढे खरे.

१९२० मध्ये साष्टीचा दक्षिण भाग ठाण्यापासून तोडून मुंबई उपनगर जिल्हा प्रथम निर्माण झाला व त्याचे ठाणे वांद्र्यास झाले. वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी, कुर्ला, घाटकोपर ह्या ठिकाणी मुंबईत नोकरी करणारी आणि खाडीपलीकडे राहणारी वस्ती वाढू लागली होती. तिचा दिवस कमिशनरच्या हद्दीत जाई आणि रात्र जिल्ह्याच्या हद्दीत. ही विसंगती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शासनास डोळ्याआड करता आली नाही.

१९४५ च्या सतराव्या मुंबई अधिनियमाने ‘बृहन्मुंबई’ ह्या क्षेत्राची कायद्यात व्याख्या झाली आणि शहराचे काही कायदे व उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्राची मर्यादा त्या क्षेत्राशी जोडली गेली. महानगरपालिकेची हद्द मात्र तेव्हा माहीम-शीवपाशीच होती. ती १५ एप्रिल १९५० रोजी जवळच्या उपनगरांपर्यंत आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी दहिसर व मुलुंड येथपर्यंत वाढली. ह्या क्रमाकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. गटारे, नळ व दिवाबत्ती घेऊन येणारी नगरपालिका उपनगरांत पाच ते बारा वर्षे उशिराने पोहोचली. न्यायालय व दंड ह्यांची बृहन्मुंबई तिच्या आधी जन्मली होती.

ह्याच सुमारास मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ आला. १८९० चा जिल्ह्यांचा आणि १९०२ चा शहराचा असे दोन्ही कायदे रद्द करून त्यांच्या जागी हा एकच कायदा आणण्यात आला. (२०१२ च्या सुधारणेनंतर तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम ह्या नावाने ओळखला जातो.) एकीकरण झाले असे त्याच्या नावावरून वाटेल, पण कलमे वाचली असता जुनी दोन्ही तत्त्वे शेजारी-शेजारी नांदताना दिसतात. कलम १७ म्हणते की जिल्ह्याचा अधीक्षक व त्याचे दल जिल्हादंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली राहील. कलम ७ शासनास एखाद्या क्षेत्रासाठी पोलीस आयुक्त नेमण्याची मुभा देते, आणि असा आयुक्त नेमला की त्या क्षेत्रात जिल्हादंडाधिकाऱ्याचे नियंत्रण उरत नाही. उलट, जिल्ह्यात दंडाधिकाऱ्यास असलेले पुष्कळसे अधिकार येथे आयुक्ताकडे येतात. शस्त्रे बाळगून फिरण्यास अथवा पाच किंवा अधिक माणसांनी जमण्यास मनाई करणारे कलम ३७ चे आदेश, मिरवणुका व करमणुकीची ठिकाणे ह्यांविषयी कलम ३३ चे नियम, आणि कलम ५५ ते ५७ खालील हद्दपारी ही त्यांची ठळक उदाहरणे होत. फौजदारी प्रक्रिया संहितेतही शासनाने पोलीस आयुक्तास कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार देण्याची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ‘महानगर क्षेत्र’ व ‘महानगर दंडाधिकारी’ ह्या कल्पना सोडून दिल्या, पण आयुक्तास असे अधिकार देण्याची वाट कलम १४ मध्ये तशीच मोकळी ठेवली आहे.

ह्या सर्वांत हद्दपारीचे, म्हणजे लोकभाषेतील तडीपारीचे, प्रकरण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वाधिक बोलके आहे. त्यात ‘हद्द’ हा शब्दच मुळी आयुक्ताच्या अधिकारक्षेत्राचे माप आहे. कलम ५६ नुसार ज्याच्या वागण्याने लोकांस भय, धोका वा इजा पोहोचते, आणि ज्याच्याविरुद्ध साक्ष देण्यास लोक उघडपणे पुढे येत नाहीत, अशा माणसास क्षेत्राबाहेर जाण्याचा आदेश देता येतो. बृहन्मुंबईत आणि जेथे आयुक्त नेमला आहे तेथे तो आयुक्ताकडून, व प्रत्यक्षात परिमंडळाच्या उपायुक्ताकडून, निघतो. इतरत्र जिल्हादंडाधिकारी अथवा उपविभागीय दंडाधिकारी काढतो. मुदत दोन वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही. कलम ५९ प्रमाणे त्या माणसास आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप कळवावे लागते व आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. परंतु साक्षीदार कोण हे त्याला कळत नाही. कलम ६० नुसार अपील शासनाकडे होते, न्यायालयाकडे नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न अगदी आरंभीच आला. १९५१ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्ताने एका इसमास १९०२ च्या जुन्या शहर कायद्याच्या कलम २७ खाली बृहन्मुंबईबाहेर जाण्याचा आदेश दिला होता. संविधानाने दिलेल्या संचारस्वातंत्र्याचा ह्याने भंग होतो, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने १९५२ मध्ये ते फेटाळले. साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत अशाच असाधारण प्रसंगी हा अधिकार वापरावयाचा आहे आणि त्यास कालमर्यादा आहे, म्हणून निर्बंध वाजवी ठरतो, असा त्याचा रोख होता. ह्या निकालाची चर्चा संविधानाच्या वर्गात नेहमी होते. तथ्यांतील एक तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्या इसमास पुढे कल्याण येथे राहण्याची परवानगी मिळाली. आणि कल्याण ठाणे जिल्ह्यात असल्याने तेथून त्याला घालवण्याचा दुसरा आदेश ठाण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यास काढावा लागला. पहिला आदेश पोलीस अधिकाऱ्याचा आणि दुसरा दंडाधिकाऱ्याचा होता. मुलुंडच्या पलीकडे काही मैलांवर, एकाच माणसाच्या एकाच स्वातंत्र्यासंबंधी, दोन पद्धती एकामागून एक लागू झाल्या.

आज ते दृश्य दिसणार नाही. पुणे व नागपूर येथे १९६५ मध्ये, ठाणे येथे १९८१ मध्ये आणि नवी मुंबईत १९९४ मध्ये पोलीस आयुक्तालये आली. कल्याण ठाण्याच्या आयुक्तालयात समाविष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर व वसई-विरार ह्यांचे आयुक्तालय सुरू झाले, आणि दहिसरच्या नाक्यापलीकडची उरलेली ग्रामीण पोलीस-व्यवस्थाही मागे हटली. म्हणजे दहिसर, मुलुंड आणि ऐरोलीचा पूल ह्या तिन्ही वेशींपलीकडे आता आयुक्तच आहेत. शिवाय आज कलम ५६ खालील आदेश लगतच्या जिल्ह्यांपर्यंत पसरवता येतो. मुलुंडच्या माणसास तडीपार करताना ठाणे जिल्हाही त्यात घालता येतो. १९५१ मध्ये दोन आदेश लागले. आज एक पुरतो. आणि तो मागणारा पोलीस निरीक्षक, चौकशी करणारा सहायक आयुक्त व देणारा उपायुक्त हे तिघेही एकाच दलाचे असतात.

ह्या पद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे हलके मानता येणार नाही. मोठ्या शहरात दंगल वा चेंगराचेंगरी मिनिटांत उसळते. अशा वेळी आदेशासाठी दुसऱ्या कार्यालयाकडे धाव घेणे परवडत नाही. शिवाय दुहेरी नियंत्रणात दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि आयुक्त पद्धतीत एकच माणूस जबाबदार असतो. पहिला मुद्दा जमावबंदीस पूर्णपणे लागू पडतो. तडीपारीस तो लागू पडत नाही, कारण तिची चौकशी आठवडे नि महिने चालते. २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जालना जिल्ह्यातील एका प्रकरणात तडीपारी हा असाधारण उपाय असून तो जपून वापरला पाहिजे असे पुन्हा बजावले. तो आदेश उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा होता. दंडाधिकारी वेगळा असला म्हणजे सारे सुरळीत होते असेही मग म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा, एकाच माणसाच्या जबाबदारीचा, उपनगरांतील अनुभवावर तपासून पाहिला पाहिजे. बेटावर तो खरा होता. साउटरच्या मुंबईत कमिशनर कोण हे हमालालाही ठाऊक होते आणि तेथे दुसरे कोणतेही पोलीस दल डोळ्यांत भरत नव्हते. उपनगरांकडे आयुक्ताची हद्द सरकली तेव्हा तेथे निराळेच भूगोल तयार झाले होते. लोहमार्गांवर लोहमार्ग पोलिसांचा वेगळा आयुक्त आहे. अंधेरी, बोरिवली, कुर्ला येथे स्थानकाच्या आत त्याचे ठाणे आणि जिन्याबाहेर शहर पोलिसांचे ठाणे अशी विभागणी आहे. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्या समादेशकाच्या आज्ञेखाली असतात व बंदोबस्तासाठी शहराकडे येतात. दहशतवादविरोधी पथक राज्याचे आहे. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली ही ठिकाणे मुंबई शहर पोलिसांच्या हद्दीच्या पोटात, मीरा रोड तिच्या बाहेर, आणि गाड्या मात्र लोहमार्ग पोलिसांच्या. तपास दहशतवादविरोधी पथकाने केला. त्या खटल्यातील बाराही आरोपींना उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. हा निकाल इतर प्रकरणांत आधार म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने त्याच आठवड्यात स्थगिती दिली.

अधिक बारकाईने पाहावयाचे तर घाटकोपरच्या पूर्वेकडील पंतनगर पोलीस ठाण्याची हद्द घ्यावी. ११ जुलै १९९७ रोजी तेथील रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यास चपलांची माळ घातलेली आढळली. संतप्त रहिवासी द्रुतगती मार्गावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात दहा जण मरण पावले. न्यायमूर्ती गुंडेवार ह्यांच्या आयोगाने चौकशी केली. तुकडीच्या प्रमुख उपनिरीक्षकास सत्र न्यायालयाने २००९ मध्ये दोषी ठरवले. गोळी झाडण्याचा हुकूम देणारा शहर आयुक्ताच्या दलातला नव्हता. ज्या रस्त्यावर ती झाडली गेली तो मात्र त्याच्याच हद्दीत होता. पुढे १३ मे २०२४ रोजी, ह्याच परिसरात, वादळी वाऱ्याने एक अवाढव्य जाहिरात-फलक पेट्रोल पंपावर कोसळला व सतरा जण दगावले. महानगरपालिकेच्या नियमाप्रमाणे फलक चाळीस फूट लांबी-रुंदीच्या आत असावयास हवा होता. हा एकशेवीस फुटांचा होता. जमीन लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील आणि परवानगीही त्यांच्याच कार्यालयाची. आपली परवानगी घेतलीच गेली नाही असे महानगरपालिका म्हणत होती. जून महिन्यात शासनाने तत्कालीन लोहमार्ग पोलीस आयुक्तास निलंबित केले आणि निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले ह्यांच्याकडे चौकशी सोपवली. गुन्हा पंतनगर ठाण्यात, म्हणजे शहर आयुक्ताच्या दलाकडे, नोंदवला गेला. सत्तावीस वर्षांच्या अंतराने एकाच ठाण्याच्या हद्दीत घडलेल्या ह्या दोन्ही घटनांत मृतांच्या नातेवाइकांपुढे पहिला प्रश्न एकच होता : ह्याचे उत्तर कोणी द्यावयाचे? ‘आयुक्त पद्धतीत एकच माणूस जबाबदार असतो’ हे वाक्य येथे तोकडे पडते.

दलाच्या अंतर्गत रचनेनेही ते तोकडे केले आहे, आणि ते अपरिहार्य होते. बेटापुरता आयुक्त प्रत्येक चौकी स्वतः पाहू शकत असे. आज मुंबई पोलिसांचे पाच प्रादेशिक विभाग असून प्रत्येकावर अपर पोलीस आयुक्त आहे; त्यांपैकी पूर्व, पश्चिम व उत्तर हे विभाग मुख्यतः उपनगरांचे, चेंबूर, वांद्रे व कांदिवली येथून चालणारे. त्यांच्याखाली परिमंडळे व उपायुक्त. मध्ये विषयवार सहआयुक्त. बोरिवलीच्या रहिवाशासाठी आयुक्त हा अधिकारी कमी आणि नाव अधिक उरतो. त्याच्यावर ज्याची सत्ता चालते तो परिमंडळ उपायुक्त किंवा ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होय. ठाण्याच्या दारात ‘ही आमची हद्द नव्हे’ हे ऐकून परतणारा तक्रारदार उपनगरांत, विशेषतः दोन ठाण्यांमधील नाल्याच्या किंवा रुळांच्या काठी राहणारा, नवा नाही. नव्या संहितेच्या कलम १७३ ने गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात खबर देण्याची सोय स्पष्टपणे केली आहे. तिची अंमलबजावणी किती होते हे पाहणे आमच्या विद्यार्थ्यांच्या क्षेत्रीय अभ्यासास योग्य विषय ठरेल.

आता साउटरच्या चोवीस वर्षांकडे वळतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पोलीस सुधारणेविषयी जे निर्देश दिले, त्यांना अनुसरून महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस अधिनियमात कलम २२-न घातले. वरिष्ठ अधिकाऱ्याचा एका जागेवरील सर्वसाधारण कार्यकाल त्यात दोन वर्षांचा आहे. त्यानंतरचे आयुक्त मोजून पाहावेत. फेब्रुवारी २०१४ ते जून २०२२ ह्या सुमारे साडेआठ वर्षांत राकेश मारिया, अहमद जावेद, दत्ता पडसलगीकर, सुबोध जयस्वाल, संजय बर्वे, परमबीर सिंग, हेमंत नगराळे व संजय पांडे असे आठ जण त्या खुर्चीवर बसले. त्यांपैकी दोन वर्षे पुरी करणारे एकटे पडसलगीकर. त्यांच्यानंतरच्या विवेक फणसळकर ह्यांना एप्रिल २०२५ पर्यंत जवळजवळ तीन वर्षे मिळाली, हा अपवादच. निवृत्ती, बढती, राजकीय बदल, वादंग, कारणे भिन्न आहेत. परंतु परिणाम एकच होतो. साउटरसारखी दीर्घ कारकीर्द आज इष्टही नाही, कारण तिच्यात व्यक्ती व पद एक होऊन जाते. पण ज्या पदाच्या हाती पोलीस व दंडाधिकारी हे दोन्ही अधिकार एकवटले आहेत त्यावरचा माणूस वर्षा-दीड वर्षात बदलत असेल, तर दहिसर व मुलुंडच्या परिमंडळांवर त्याची देखरेख कितपत राहते, हे विचारणे भाग आहे.

अल्पकाळातही एखादा आयुक्त काय करू शकतो ह्याचे एक उदाहरण पूर्व उपनगरांतूनच देता येते. मुंबईचे पोलीस शिपाई बारा-बारा तास ड्यूटी करीत आले; त्यांतील पुष्कळांची घरे कल्याण-बदलापूरकडे अथवा वसई-विरारकडे असल्याने येण्याजाण्याचे तास त्यात वेगळे मिळवावे लागतात. आठ तासांच्या पाळ्यांची एक योजना देवनार पोलीस ठाण्यातील एका कर्मचाऱ्याने मनुष्यबळाचा हिशेब मांडून सुचवली. पडसलगीकरांनी २०१६ च्या मे महिन्यात ती त्याच ठाण्यात प्रयोगादाखल सुरू केली, आणि नंतर ती शहरातील इतर ठाण्यांत नेण्यात आली. आयुक्तालयाच्या इतिहासात बहुतेक नियम फुले मंडईकडून उपनगरांकडे गेले आहेत. हा मात्र देवनारहून फुले मंडईकडे आला.